मशीन पॉलिशरने वॅक्स केल्यानंतर पुन्हा पुन्हा उमटणारे पट्टे व धूसर डाग: कारणे आणि उपाय

गाडी स्वच्छ धुऊन कोरडी केली, मशीन पॉलिशरने वॅक्स लावले, ते सुकल्यावर पुसून काढले आणि सावलीत सगळे व्यवस्थित दिसले. पण गाडी उन्हात आणताच किंवा पत्र्यावर टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकताच तेलकट पट्टे, ढगाळ डाग किंवा पॅड फिरल्याच्या गोलाकार खुणा दिसू लागल्या, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. पुन्हा पुसले की हे पट्टे जागा बदलतात, पण जात नाहीत, आणि गेले असे वाटले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत हजर असतात. काळ्या व इतर गडद रंगांच्या गाड्यांवर हा त्रास सर्वाधिक जाणवतो. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवरही तोच दोष राहिलेला असू शकतो, फक्त तो डोळ्यांना सहज दिसत नाही.

अशा वेळी बहुतेक जण पॉलिशरचा वेग वाढवतात आणि जोर लावून तोच भाग पुन्हा पुन्हा घासतात. या मार्गाने पट्टे क्वचितच जातात, आणि त्यांच्या जोडीला रंगावर सूक्ष्म ओरखडे मात्र येऊ शकतात. पुसण्याच्या टप्प्यावर दिसणारा हा दोष बहुतेक वेळा लावण्याच्या टप्प्यावर निर्माण झालेला असतो: वॅक्स जास्त लावले गेलेले असते, किंवा ते पुसण्याची वेळ चुकलेली असते. म्हणून पुसण्याच्या पद्धतीत बदल करण्यापूर्वी नेमके काय बिघडले आहे ते शोधणे आवश्यक आहे.

आधी ठरवावे: दोष रंगाच्या वर आहे की रंगात?

ही तपासणी वगळून पुढे जाऊ नये, कारण दोन्ही प्रकारचे दोष दुरून अगदी सारखे दिसतात आणि त्यांचे उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल डिस्टिल्ड पाण्यात मिसळून साधारण १५ टक्क्यांचे मिश्रण तयार करावे. पत्रा थंड असताना वीतभर लांबी-रुंदीच्या भागावर ते फवारावे आणि स्वच्छ मायक्रोफायबरच्या कापडाने दाब न देता पुसावे. मिश्रण पूर्ण उडून गेल्यावर त्या भागावर टॉर्च तिरपा धरून पाहावे. नव्याने रंगवलेल्या गाडीवर किंवा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक संरक्षक थर) नसलेल्या जुन्या एकथरी रंगावर ही चाचणी करू नये, कारण तेथे अल्कोहोलचा परिणाम रंगावरच होण्याची शक्यता असते.

पुसलेला भाग स्वच्छ दिसला आणि पट्टे फक्त त्याच्या कडेपाशी येऊन थांबले, तर दोष वॅक्सच्या थरात आहे. लेखाचा बहुतांश भाग त्यासाठीच आहे. खुणा तशाच राहिल्या किंवा आणखी ठळक झाल्या, तर ते रंगातील सूक्ष्म ओरखडे आहेत आणि वॅक्समधील तेलांनी ते तात्पुरते झाकले होते, असे समजावे. त्यांचा विचार शेवटी केला आहे. काही वेळा दोन्ही दोष एकत्रच असतात. तेव्हा आधी वॅक्स पूर्ण काढून मग रंगाकडे वळावे.

वॅक्सचे प्रमाण

वारंवार पट्टे पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गरजेपेक्षा जास्त वॅक्स. ते का, हे समजण्यासाठी वॅक्स कसे बनते ते पाहावे लागेल. अनेक वॅक्समधील मुख्य घटक असलेले कार्नोबा हे ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे मेण आहे. ते इतके कठीण असते की शुद्ध स्वरूपात पत्र्यावर पसरतच नाही, आणि वितळते सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियसला. म्हणून डबीतील किंवा बाटलीतील वॅक्समध्ये त्याच्यासोबत द्रावके, तेले आणि बहुधा इतर मऊ मेणेही असतात. पत्र्यावर पसरल्यावर द्रावक उडून जाते आणि पांढुरकी झाक उरते. हीच वॅक्स सुकत आल्याची खूण. थर पातळ असेल तर द्रावक सगळीकडून सारखे उडते आणि झाक हलक्या हाताने निघते. थर जाड असेल तर वरचा भाग आधी सुकतो, खालचा ओला राहतो, आणि पुसताना वरची कोरडी पापुद्री व खालचा मऊ लगदा एकत्र कालवले जाऊन तेलकट पट्टे तयार होतात. कितीही पुसले तरी ते फक्त इकडून तिकडे सरकतात, याचे कारण हेच आहे.

जाड थराने चकाकी किंवा संरक्षण वाढते ही समजूतही सोडून दिली पाहिजे. रंगाच्या पृष्ठभागाला चिकटून राहणारा थर अतिशय पातळ असतो. त्याच्या वरचे सगळे वॅक्स शेवटी कापडावरच येते. जास्तीच्या वॅक्समुळे गाडीला काहीही मिळत नाही, उलट पुसणाऱ्याचे काम वाढते आणि पुसण्याच्या प्रत्येक जादा फेरीबरोबर ओरखड्यांचा धोकाही वाढतो.

प्रमाणाचा ढोबळ अंदाज असा: १२५ ते १५० मिलिमीटर व्यासाच्या पॅडवर द्रवरूप वॅक्सचे वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पहिल्या पत्र्यासाठी पुरेसे होतात. त्यानंतर पॅडमध्ये वॅक्स मुरलेले असते, त्यामुळे दरवाजाएवढ्या भागाला एक-दोन थेंब पुरतात. कोरड्या पॅडवर सुरुवात केल्यास फोम वॅक्स शोषून घेतो, पहिला पत्रा अर्धवट राहतो आणि लावणारा नकळत दुप्पट वॅक्स ओततो. हे टाळण्यासाठी सुरुवातीलाच पॅडच्या पूर्ण तोंडावर वॅक्सचा अगदी पातळ हात बोटाने फिरवून घ्यावा. घट्ट पेस्ट वॅक्स असेल तर पॅड त्यावर हलके टेकवून थोडेच उचलावे. पेस्टचे गोळे पॅडवर राहिले तर पत्र्यावर जाड ठिपके उठतात आणि ते सुकायला सर्वांत जास्त वेळ घेतात. लावलेला थर समोरून पाहिल्यावर जवळजवळ दिसू नये, तिरप्या प्रकाशात मात्र सलग धूसरपणा जाणवावा. समोरूनच पांढरे वळसे दिसत असतील तर वॅक्स नक्की जास्त झाले आहे, आणि ते सुकण्याची वाट न पाहता त्याच पॅडने, नवे वॅक्स न घेता, पुढच्या भागावर ओढत न्यावे.

यंत्राचा खरा उपयोग येथेच आहे. हाताने फोम फिरवताना बोटांचा दाब कमी-जास्त होतो आणि थर असमान पडतो. ड्युअल ॲक्शन पॉलिशर (ज्याचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता लहान वर्तुळातही हलतो) मात्र चांगल्या सवयीने वापरल्यास हातापेक्षा पातळ आणि सारखा थर देतो. वॅक्ससाठी सर्वांत मऊ, फिनिशिंगचाच फोम पॅड वापरावा. पॅडचा रंग पाहून तो मऊ आहे असे गृहीत धरू नये, कारण रंगांची सांकेतिक पद्धत प्रत्येक उत्पादकाची वेगळी असते. वेगाची चकती १ ते ६ अशी असेल तर २ किंवा ३ पुरेसे आहे. यंत्राच्या वजनापलीकडे दाब देण्याची गरज नसते, कारण येथे रंग घासून काढायचा नसून वॅक्स पसरवायचे असते. पॅड पत्र्यावर टेकवूनच यंत्र सुरू करावे आणि बंद होऊन थांबल्यावरच उचलावे, नाहीतर वॅक्सचे शिंतोडे काचांवर व प्लॅस्टिकवर उडतात. पॅड सपाट ठेवावा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा आणि एकदा आडव्या व एकदा उभ्या दिशेने फिरल्यावर थांबावे. त्याच जागी पुढे फिरत राहिल्याने काही साधत नाही.

ज्या वॅक्समध्ये सफाईचे सूक्ष्म अपघर्षक कण मिसळलेले असतात, ते मात्र या वर्णनात बसत नाही. अशा क्लीनर वॅक्सला काही फेऱ्या आणि थोडा दाब लागतो. ते निव्वळ पसरवून सोडले तर अपघर्षक कण आणि तेले तशीच राहतात आणि पुसल्यावर धूसरपणा येतो. डबीवर काय लिहिले आहे ते वाचूनच पद्धत ठरवावी.

पुसण्याची वेळ

घड्याळावर विसंबू नये. थर लावल्यावर काही मिनिटांनी स्वच्छ बोट त्यावरून एकदा ओढावे. बोटाच्या वाटेवर पत्रा स्वच्छ आणि चमकदार दिसला तर वॅक्स पुसण्याजोगे झाले आहे. वाट तेलकट किंवा फरकटलेली दिसली तर आणखी थांबावे. ही चाचणी सर्वांत शेवटी लावलेल्या पत्र्यावर न करता सर्वांत आधी लावलेल्यावर करावी आणि त्याच क्रमाने पुसत जावे. काही वॅक्स लावल्याबरोबर पुसण्यासाठीच बनवलेली असतात. ती सुकू दिली तर काढणे कठीण होते. सीलंट, म्हणजे मेणाऐवजी कृत्रिम पॉलिमरचा संरक्षक थर देणारी उत्पादने, बहुधा याच्या उलट वागतात: त्यांना अधिक वेळ द्यावा लागतो, आणि घाईने पुसल्यास पृष्ठभाग दिसायला चांगला असला तरी थर नीट बसलेला नसतो.

हवेचा परिणाम लक्षणीय असतो. दमट हवेत द्रावक हळू उडते, त्यामुळे कोरड्या दिवशी जे वॅक्स दहा मिनिटांत तयार होते तेच पावसाळी दिवशी बराच वेळ फरकटत राहते. अशा दिवशी थर आणखी पातळ ठेवणे हा एकच खात्रीचा उपाय आहे, कारण हवा बदलणे आपल्या हातात नसते, प्रमाण असते. याउलट तापलेल्या पत्र्यावर द्रावक पॅडखालीच उडून जाते. थर पसरण्याआधीच चिकट होतो, पॅड अडखळतो आणि वॅक्स पत्र्यावर धरून बसते. तळहात पत्र्यावर टेकवून आरामात ठेवता येत नसेल तर काम सुरूच करू नये. सावलीत आणल्यावरही इंजिनाच्या उष्णतेने बॉनेट बराच वेळ गरम राहते, म्हणून ते शेवटी घ्यावे.

पुसताना

येथे माझे मत स्पष्ट आहे: लावणे यंत्राने, काढणे हाताने. पॉलिशरवर चढवायची मायक्रोफायबरची किंवा टेरी कापडाची कव्हरे मिळतात आणि छप्पर, बॉनेट यांसारख्या मोठ्या सपाट भागांवर ती वेळ वाचवतात, हे मान्य आहे. पण कव्हर काही फेऱ्यांतच वॅक्सने भरते. मग ते वॅक्स काढण्याऐवजी परत पसरवते आणि पट्ट्यांचे आणखी एक कारण तयार होते. शिवाय त्यात अडकलेला एखादा कण यंत्राच्या गतीने रंगावर फिरत राहतो. हातातील कापडाखाली अशी खरखर जाणवते, यंत्राखाली जाणवत नाही. कव्हर वापरायचेच असेल तर ते पूर्ण कोरडे व नुकतेच धुतलेले असावे, वेग कमीच ठेवावा, प्रत्येक पत्र्यानंतर ते झटकावे किंवा बदलावे, आणि बोधचिन्हे, वायपर, दरवाजाच्या मुठी व पत्र्याच्या धारांपासून दूर राहावे. धारांवर रंगाचा थर बहुधा सर्वांत पातळ असतो. रोटरी पॉलिशरवर कव्हर चढवून वॅक्स पुसणे मी सुचवणार नाही. त्याची एकाच अक्षावरची गती उष्णता निर्माण करते आणि गडद रंगावर होलोग्राम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खुणा सहज सोडते.

हाताने पुसताना दोन कापडे घ्यावीत. पहिल्याने झाक उचलावी, दुसऱ्या स्वच्छ कापडाने उरलेला तेलकटपणा काढावा. प्रत्येक कापडाची चौपदरी घडी केली की आठ बाजू मिळतात आणि बाजू भरताच उलटता येते. एका कापडावर पूर्ण गाडी पुसण्याचा हट्ट हे पट्ट्यांचे कारण असल्याचे सहसा लक्षातच येत नाही, कारण कापड डोळ्यांना स्वच्छच दिसत असते. कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर वापरला असेल तर त्याचा अंश तंतूंवर राहतो, कापडाची शोषण्याची क्षमता घटते आणि तोच अंश पत्र्यावर उतरून पट्टे उमटतात. वॅक्स, प्रमाण आणि वेळ हे सगळे बरोबर असूनही पट्टे जात नसतील तर संशय सर्वांत आधी कापडावर घ्यावा. ही कापडे सुती कपड्यांसोबत न धुता वेगळी, साध्या द्रव साबणाने धुवावीत आणि जास्त उष्णतेवर वाळवू नयेत.

दुसऱ्या दिवशी परत येणारे डाग

संध्याकाळी स्वच्छ दिसणारी गाडी सकाळी डागाळलेली दिसते, याची कारणे वेगळी असतात. मेणयुक्त वॅक्समधील तेले पत्रा तापल्यावर पृष्ठभागावर येतात आणि झाकेसारखी दिसतात. कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरने एकदा हलके पुसले की ती जातात, आणि थर पातळ असेल तर पुन्हा येत नाहीत. दररोज येतच असतील तर थर जाड राहिलेला आहे असे समजावे. दुसरे कारण म्हणजे वॅक्सच्या आधी केलेल्या पॉलिशची तेले रंगावर तशीच राहणे. अशा पृष्ठभागावर वॅक्स, विशेषतः सीलंट, धड चिकटत नाही आणि डाग ठिकठिकाणी उमटतात. पॉलिशनंतर वर सांगितलेल्या अल्कोहोलच्या मिश्रणाने पूर्ण गाडी पुसून मगच वॅक्स लावावे. तिसरे कारण दुसरा हात घाईने लावणे हे आहे: नव्या थरातील द्रावक खालचा न बसलेला थर विरघळवते आणि दोन्ही मिळून एकच जाड, ओला थर होतो. दोन हातांमध्ये किमान एक रात्र जाऊ द्यावी, किंवा उत्पादकाने सांगितलेला वेळ पाळावा.

डाग आरशांच्या खाली, दरवाजाच्या मुठींपाशी किंवा दिव्यांच्या कडेलाच येत असतील तर कारण बहुधा पाणी असते. धुतल्यानंतर फटींमध्ये साचलेले पाणी वॅक्स लावताना ओघळते आणि थरात मिसळून पांढरट ठिपके सोडते. धुतल्यावर गाडी थोडी चालवून आणावी किंवा फटींमधील पाणी हवेच्या झोताने बाहेर काढावे, म्हणजे प्रश्न मिटतो.

घट्ट झालेले वॅक्स काढण्यासाठी

पुसायला फार उशीर झाला असेल आणि थर निघत नसेल तर जोर लावू नये. गाडी सावलीत थंड होऊ द्यावी. मग हातभर भागावर क्विक डिटेलर (पत्रा पुसण्यासाठी मिळणारा तयार फवारा) फवारून अर्धा मिनिट थांबावे आणि ओलसर असतानाच पुसावे. एवढ्याने न निघाल्यास त्याच वॅक्सचा नवा, अतिशय पातळ हात त्यावर लावून लगेच पुसावा. नव्या वॅक्समधील द्रावक जुना थर मऊ करते आणि दोन्ही एकत्र निघून येतात. ऐकायला हा उलटा उपाय वाटतो, तरी हट्टी डागांवर मला तो सर्वांत भरवशाचा वाटतो. तरीही पट्टे राहिले तर अल्कोहोलच्या मिश्रणाने तो पत्रा पूर्ण मोकळा करून नव्याने सुरुवात करणे, पुसत बसण्यापेक्षा कमी वेळेचे काम आहे.

काळ्या, रंग नसलेल्या प्लॅस्टिकवर सुकलेले पांढरे वॅक्स त्याच्या खडबडीत पृष्ठभागात रुतते. मऊ ब्रश आणि प्लॅस्टिकसाठीच्या क्लीनरने ते काढावे. पुढच्या वेळी कामाआधी अशा भागांवर मास्किंग टेप लावावी.

वॅक्सचा दोष नसेल तेव्हा

अल्कोहोलच्या चाचणीनंतरही खुणा राहिल्या तर वॅक्सचा कोणताही प्रकार त्या घालवू शकणार नाही. टॉर्च हलवल्यावर प्रकाशाबरोबर सरकणाऱ्या पंख्यासारख्या छटा दिसत असतील तर ते रोटरीचे होलोग्राम आहेत. प्रकाशाच्या भोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसत असतील तर ते धुण्या-पुसण्याचे बारीक ओरखडे आहेत. दोन्हींसाठी ड्युअल ॲक्शन यंत्र, मऊ पॅड आणि सूक्ष्म पॉलिश लागते. ते आधी एका लहान भागावर करून पाहावे आणि समाधान झाल्यावरच पुढे जावे. येथे सावधगिरी आवश्यक आहे, कारण क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन एवढाच असतो आणि प्रत्येक पॉलिश त्यातील थोडा भाग काढून टाकते. ज्या गाडीचा इतिहास ठाऊक नाही किंवा जिचा काही भाग पुन्हा रंगवलेला आहे, तिच्यावर रंगाची जाडी मोजल्याशिवाय यंत्र चालवू नये.

पॅडवर गाडीचाच रंग उतरत असेल तर रंग एकथरी आहे किंवा क्लिअर कोट उरलेला नाही. ढगाळपणा सोलत चाललेल्या क्लिअर कोटमुळे असेल तर त्यावर पॉलिश किंवा वॅक्स यांपैकी काहीही चालणार नाही. तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो. नव्या रंगावर वॅक्स कधी लावावे हे रंग देणाऱ्यालाच विचारावे. बहुधा ३० ते ९० दिवस थांबण्यास सांगितले जाते, कारण रंगातील द्रावके तोवर बाहेर पडत असतात. मॅट रंगाच्या गाडीवर मात्र पॉलिशर चालवूच नये: यंत्राने घासलेला भाग चमकू लागतो, ठिगळासारखा वेगळा दिसतो, आणि तो पुन्हा मॅट करण्याचा मार्ग रंगकामाशिवाय दुसरा नसतो.